नऊशे दहा यार्ड

२ सप्टेंबर १९७८, शनिवार

केर्नमोर रायफल क्लबचा मोसम आज सुरू झाला. नऊशे यार्ड. वायव्येचा वारा, मिनिटामिनिटाला बदलणारा. मला पन्नासपैकी त्रेचाळीस, रॉडी बेनला एक्केचाळीस.

रॉडीने रायफलला नवी नळी बसवली आहे. चहाच्या वेळी त्याने पाकिटातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून सगळ्यांना दाखवला. पाच इंचांत तीन भोकं. नऊशे यार्डांवरून, घरी एकट्याने मारलेली. उरलेल्या गोळ्या कुठे आहेत, असं मी विचारलं.

"उरलेल्या माझ्या चुकीच्या," तो म्हणाला. "रायफलच्या नव्हेत."

इथे सगळेच असं करतात. बाहेर गेलेली गोळी कुणाचीच नसते. बोट हललं, डोळ्यात पाणी आलं, शेजारचा खोकला. कारण सापडलं की ती गोळी वजा, आणि ज्या तीन जवळजवळ बसल्या ती आपली खरी रायफल. मी तीस वर्षं सांगतोय, दहा मारा आणि दहाही मोजा. दहा मोजल्या तर चांगल्या माणसाच्या हातात चांगली रायफलसुद्धा नऊशे यार्डांवर चौदा-पंधरा इंच पसरते, आणि त्यात वारा धरलेला नाही. वाऱ्याच्या अंदाजात ताशी एका मैलाची चूक झाली की गोळी नऊ इंच बाजूला जाते. आजही हे सांगितलं. "बसा रे, विल्फचं प्रवचन सुरू झालं," असं म्हणत रॉडीने माझ्या तोंडाशी बिस्किट धरलं. सगळे हसले. मीही.

४ सप्टेंबर

नायरी डंडास अंडी घेऊन आली आणि ओट्यावर टोपली ठेवून उभीच राहिली. काल सकाळी तिच्या पाण्याच्या टाकीतून गोळी आरपार गेली. आधी कानाशी चाबूक ओढल्यासारखा आवाज, मग पत्र्याचा, मग लांबून दबलेला धप्प. पहिल्या आणि शेवटच्या आवाजात किती वेळ गेला, ते मी विचारलं. "एक म्हणण्याइतका," ती म्हणाली. म्हणजे आठशे ते नऊशे यार्ड.

जाऊन बघून आलो. समोरचं भोक स्वच्छ, मागचं फाटलेलं. अंगणात पांढरा रंग दिलेला कपडे वाळत घालायचा खांब आहे, तो पक्का रोवलेला असल्यामुळे मापं तिथून घेतली. टाकीचं भोक खांबाच्या डावीकडे सात फूट.

गेल्या जूनमध्ये तिचा नवरा आर्ची वारला तेव्हा ती जमीन विकून टिमारूला बहिणीकडे जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. रॉडीने तर जास्तच. त्याचं रान घळीच्या त्या बाजूला, आणि आर्ची एकदा तोंडी बोलून गेला होता की विकायची वेळ आलीच तर तुलाच. पण नायरी राहिली. चारशे मेंढ्यांचं वेत एकटीने काढणार म्हणते.

ससे मारायला गावातली पोरं डोंगरात येतात. त्यांतलीच एखादी सुटलेली गोळी असणार, असं मी सांगितलं. तिला पटलं.

११ सप्टेंबर

काल पुन्हा. या खेपेला फाटकाच्या दांड्यात. खांबाच्या उजवीकडे चार फूट. नायरी त्या वेळी कुत्र्यांना खायला घालत होती.

तिने मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "हे कुणी मुद्दाम करतंय का?"

मी कागद मागितला आणि समजावून सांगितलं. साधारण माणूस अठरा इंच रुंद. एवढ्या लांबून, वाऱ्याचे झेंडे लावलेले नसताना, थंड नळीतली पहिली गोळी माणसाला लागायची शक्यता सातात एक. आमच्या क्लबातल्या उत्तम नेमबाजाचीसुद्धा. ज्याला नेमबाजी कळते तो इतक्या वाईट शक्यतेवर कुणावर गोळी झाडणार नाही, आणि ज्याला कळत नाही त्याची गोळी अंगणापर्यंत पोचणारच नाही. म्हणजे मुद्दाम नाही. तिने कागद घडी करून फडताळात ठेवला. चेहरा निवळला. आकड्यांनी माणसाला धीर देता येतो हे पाहून मला बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

सातात एक हा आकडा मी अंदाजाने दिला होता. तो तपासायचा ठरवलं, आणि लक्षात आलं की तपासायला माझ्याकडे काहीच नाही. प्रत्येकाला मोजणीच्या दहा गोळ्यांआधी दोन गोळ्या अंदाजासाठी मिळतात. त्या गुणांत धरत नाहीत, म्हणून कुणी लिहूनही ठेवत नाही. माझ्या तीस वर्षांच्या वह्यांत हजारो गोळ्या आहेत, पहिली एकही नाही.

आज अकरा जणांची पहिली गोळी टिपली. दोघांची निशाण्याच्या चौकटीलाच लागली नाही. उरलेल्यांची सरासरी मध्यापासून बावीस इंच बाजूला. तेही झेंडे लावलेले असताना. आकडा टिकला.

रॉडीची पहिली अडीच फूट डावीकडे. वही बघून तो म्हणाला, "ती कशाला लिहितोस? ती मोजत नाहीत."

का लिहितोय ते सांगितलं. नायरीची टाकी, फाटक, सगळं. तो मन लावून ऐकत होता. फाटकाची गोळी नेमकी कुठे बसली ते विचारलं. मी सांगितलं, पांढऱ्या खांबाच्या उजवीकडे चार फूट, जमिनीपासून साडेतीन.

"आणि टाकीची डावीकडे सात?"

"सात."

"बरं," म्हणाला आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. शेजाऱ्याची एवढी विचारपूस करणारे आता कमी राहिलेत.

२० सप्टेंबर

कॉन्स्टेबल हॅलिडे आला होता. नायरीने तक्रार दिली आहे. दरीत जमिनीचा मोजणीदार म्हणून मी आयुष्य काढलं आणि क्लबाची वही ठेवतो, म्हणून त्याला माझं मत लेखी हवं होतं. दोन पानं लिहून दिली. अकरा पहिल्या गोळ्यांचा तक्ता जोडला. शेवटी लिहिलं की या गोळ्या हेतुपूर्वक झाडल्या असण्याचा संभव नाही. सही केली.

मेव्हिसने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

"रॉडीला दाखवलंस हे?"

"का?"

"उगीच." आणि बटाटे सोलायला बसली.

चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं एकही मत शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

२५ सप्टेंबर

काल एक मेंढी मेली. खांबाच्या डावीकडे तीन फुटांवर, अंगणातल्या छोट्या आवारात. अडलेल्या, आजारी मेंढ्या नायरी तिथे आणून ठेवते. मेंढी जुळी कोकरं पाजत होती. मी गेलो तेव्हा दोन्ही कोकरं अजून तिच्या कासेला ढुशा देत होती. नायरी बारा पावलांवर होती.

गोळी मातीत सापडली. चेपलेली, पण ओळखता येते. सैन्याचा माल, तोच आम्हाला क्लबात मिळतो. म्हणजे क्लबातला कुणीही, किंवा सैन्यातून सुटून आलेला कुणीही. यावरून काही सिद्ध होत नाही.

बहीण रोज बोलावते आहे, नायरी म्हणाली. "जाऊ का मी, विल्फ? तुम्ही म्हणाल तसं करते."

मी खूप वेळ विचार केला. आकडे तेच आहेत. तीन वेळा घडलं म्हणून चौथ्या वेळची शक्यता वाढत नाही. आता ती गेली तर वेताच्या मेंढ्यांकडे बघायला कोणी नाही. शेकड्याने कोकरं मरतील आणि मग जमीन ठेवून उपयोग नाही. मी तिला राहा म्हणालो.

३० सप्टेंबर, शनिवार

वारा इतका की स्पर्धा निम्म्यावर थांबवली. रॉडी माझ्याशेजारी गाडीत येऊन बसला. मेंढीची बातमी त्याला कळली होती. मेंढी कुठे उभी होती ते त्याने विचारलं, मी सांगितलं.

"मेंढी मरायला नको होती," म्हणाला.

त्याचा चेहरा खरोखर पडला होता. जनावरांत वाढलेला माणूस आहे. मग म्हणाला, बाईमाणसाने असं एकटं राहू नये, बहिणीकडे गेली तर सुखात राहील, कुणीतरी तिला हे समजवायला हवं. मी म्हटलं, मीच तिला राहायला सांगितलंय. त्यावर त्याने दाराची कडी ओढली. उतरताना दार जरा जोरात लागलं, पण वारा होता.

४ ऑक्टोबर

दोन दिवस बर्फमिश्रित पाऊस. नायरीची अडतीस कोकरं गारठून मेली. रॉडी स्वतः ट्रॅक्टर घेऊन गेला, गवताच्या पेंढ्या पोचवल्या, मेलेली कोकरं पुरायला खड्डा खणून दिला. नायरी फोनवर सांगताना रडत होती. असा शेजारी आहे म्हणून आपण आहोत, म्हणाली.

मेव्हिसला सांगितलं. ती म्हणाली, "खड्डा कुठे खणला?"

"घराच्या मागे. का?"

"म्हणजे अंगण नीट बघून आला असेल."

मेव्हिसला रॉडी कधीच आवडला नाही. आमच्या लग्नात तो तिच्या काकाशी भांडला होता.

९ ऑक्टोबर

काल सकाळी गोळी मागच्या पायरीच्या कडेला लागली. सिमेंटचा टवका उडून नायरीच्या पोटरीत शिरला. सात टाके. ती बादली घेऊन पायरी उतरत होती.

हॅलिडे जाऊन आला. फाईल उघडून त्याने तिला माझाच कागद वाचून दाखवला.

पायरी मोजून आलो. खांबाच्या उजवीकडे अडीच फूट. नायरी टाके घातलेला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. चहाही विचारला नाही.

१० ऑक्टोबर

आज मोजणीचा जुना नकाशा काढून चारही जागा त्यावर मांडल्या. हे मी आधीच करायला हवं होतं. एकेक गोळी वेगळी म्हणून बघत होतो. चार दिवस, चार सुटलेल्या गोळ्या.

सात फूट डावीकडे. चार उजवीकडे. तीन डावीकडे. अडीच उजवीकडे. वजाबाकी-बेरीज केली तर मध्य येतो खांबापासून साडेदहा इंचांवर. टाकीच्या दोन भोकांतून सरळ रेष मागे ओढली, फाटकाच्या दांड्यातल्या भोकातूनही ओढली. दोन्ही घळीपलीकडे रॉडीच्या मेंढ्या कातरायच्या शेडच्या टोकाला मिळतात. तिथून खांब नऊशे दहा यार्ड. एकसष्ट साली कुंपणासाठी ते अंतर मीच मोजलं होतं.

चारही रविवार. सकाळी नऊच्या आसपास, दरी चर्चमध्ये असते तेव्हा.

तो खांबावर मारतो आहे. आणि दर वेळी गोळी कुठे बसली ते त्याला कोण सांगत होतं, हे मला कागदावर लिहायची गरज नाही. क्लबात निशाण्याखालच्या खंदकात बसून गोळी कुठे लागली ते काठी धरून दाखवणारा माणूस जे काम करतो, ते मी माझ्या गाडीत बसून केलं.

माझा आकडा बरोबर होता. अजूनही आहे. रॉडीला काय जमतं ते मी मोजलं. आपल्याला काय जमतं असं त्याला वाटतं, ते मोजलं नाही. ते तो पाकिटात घेऊन फिरत होता.

१२ ऑक्टोबर

कातरशेडमध्ये गेलो. रॉडी कातरणीची यंत्रं साफ करत होता. टोकाच्या खिडकीला काच नाही. कट्ट्यावर वाळूची पिशवी, मधोमध दबलेली. शेजारी तिपाईवर दुर्बीण, दारापाशी घरच्याच लाइनचा फोन. त्याने काही झाकायचा प्रयत्न केला नाही.

मी नकाशा उलगडला. त्याने हात पुसले आणि वाकून कौतुकाने बघितला.

"सुरेख काढलायस. टाकीची सोड, ती पहिली. उरलेल्या तीन बघ. झुपका येतोय की नाही?"

"तिला सात टाके पडलेत, रॉडी."

"ती गोळी सुटतानाच मला कळलं. बोट ओढलं गेलं. माझी चूक." त्याने खांद्यावरची धूळ झटकली. "तिला कोण मारायला बसलंय? मी काय खुनी आहे? खांबात मधोमध गोळी बसली की हे चुकून नव्हे ते तिला कळेल, ती घाबरून बहिणीकडे जाईल. जायलाच हवं तिने. एकटी मरेल ती इथे, बघितलेस ना कोकरांचे हाल? मी खड्डा खणलाय."

खांब सहा इंच रुंद आहे, मी म्हटलं. पहिल्या गोळीला विसात एक. उरलेल्या एकोणीस कुठे जातील ते ना तुला ठाऊक, ना मला.

त्याने पाकीट काढलं. तोच पुठ्ठा. कडा आता मऊ पडल्या आहेत.

"पाच इंच."

"तीन गोळ्या."

"तू ना, विल्फ," तो अगदी मायेने म्हणाला, "तीस वर्षं दहा-दहा मोजत बसलास म्हणून कधी काही जिंकला नाहीस."

मी हॅलिडेकडे जाईन म्हटलं. तो म्हणाला, जा की. त्याच्या फायलीत तुझ्या सहीची दोन पानं आहेत.

मी दाराशी पोचलो तेव्हा तो पुन्हा यंत्रांना तेल घालत होता. रविवारी हवा चांगली आहे म्हणतात, एवढं त्याने पाठमोराच सांगितलं.

१३ ऑक्टोबर

हॅलिडे कोर्टाच्या कामाला ड्युनेडिनला गेला आहे. त्याच्या बायकोने निरोप लिहून घेतला. पहिला कागद चुकीचा आहे असं लिहा, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "पण तो तुमचाच ना, मिस्टर गॅरो?" सोमवारी परत येईल. ड्युनेडिनच्या चौकीला फोन केला. ज्याने घेतला त्याने केर्नमोर कोणत्या भागात येतं ते विचारलं आणि सोमवारी हॅलिडेशी बोला म्हणून सांगितलं.

नायरीला फोन करणं शक्य नव्हतं. आमची पाच घरांची लाइन एकच. आपल्या घंटेची खूण वेगळी असली तरी रिसीव्हर कुणीही उचलू शकतो, आणि रॉडीचं घर पाचांतलं एक. गाडी घेऊन गेलो आणि समोर बसून सगळं सांगितलं. मी काय काय केलं तेही.

तिने पाय स्टुलावरून खाली घेतला.

"म्हणजे रॉडीने खड्डा खणला त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं होतं."

मी म्हटलं, दोन दिवस आमच्याकडे चल. तिने खिडकीबाहेर बघितलं. एकशेचाळीस मेंढ्या अजून व्यायच्या आहेत. अडलेल्या सगळ्या त्याच आवारात.

"तुम्ही मला राहा म्हणालात," ती म्हणाली. "मी राहिले. आता चल म्हणताय. तुमचा कागद फडताळात आहे, नेताय का परत?"

आवार तरी हलवू म्हटलं. पाणी, आडोसा, दिवा सगळं तिथेच. दुसरीकडे न्यायला दोन दिवस आणि चार माणसं लागतील. रविवारी सकाळी घराच्या पुढच्या बाजूला थांबायचं तिने कबूल केलं. मेंढ्यांनी थांबू दिलं तर, म्हणाली.

१४ ऑक्टोबर, शनिवार

क्लबात गेलो नाही. रॉडी गेला होता. मेव्हिसला कुणीतरी सांगितलं, सत्तेचाळीस मारले. आजवरचे त्याचे सर्वांत जास्त.

मेव्हिसला सगळं सांगितलं. उद्या मी नायरीकडे जाणार म्हटल्यावर तिने डबा भरायला घेतला. थंड मटण, लोणी लावलेला पाव, तिघांना पुरेल एवढं. तिची कंबर धरली आहे म्हणून ती उद्या चर्चला जाणार नाही. फोनपाशी बसेन, म्हणाली.

खांब उपटून टाकावा असं दुपारी मनात आलं. मग वाटलं, खांब नसला तर तो दुसरं काहीतरी धरेल, आणि ते काय हे मला ठाऊक नसेल.

१५ ऑक्टोबर, रविवार

पेन्सिलीने लिहितोय.

साडेआठला नायरीकडे पोचलो. ती पुढच्या बाजूला नव्हती. आवारात एक मेंढी पहाटेपासून अडली आहे. कोकराचा एक पाय मागे दुमडलेला. नायरी गुडघ्यावर बसलेली, हात कोपरापर्यंत आत, टाके घातलेला पाय बाजूला पसरलेला. खांबापासून दहा फूट. दार लावून घे आणि आत चल, असं मी म्हटलं. तिने मान वर केली नाही. हात काढला तर दोघंही जातील, म्हणाली.

घळीपलीकडे शेडच्या टोकाची खिडकी. साध्या डोळ्यांनी काळा ठिपका.

नऊला दहा कमी असताना स्वयंपाकघरात फोन वाजला. दोन लांब, एक आखूड. तिची घंटा. मी उचलला.

"विल्फ," रॉडी म्हणाला, "तू तिथे काय करतोयस?"

तो मला बघत होता. मी सांगितलं, मेंढी अडली आहे, नायरी हलू शकत नाही, आज नको. रायफल खाली ठेव.

"मग तिला म्हणावं तशीच बसून राहा. दहा फूट आहेत मध्ये. दहा फूट, विल्फ. एक गोळी, खांबात बसली की संपलं. पुन्हा नाही."

"तुझी पहिली सात फूट गेली होती."

"ती मोजत नाहीत."

लाइनवर एक खटका ऐकू आला. मग दुसरा. मग मेव्हिसचा आवाज, अगदी शांत.

"रॉडी, मी मेव्हिस. मी ऐकतेय. आणखी कुणीतरी ऐकतंय. रायफल ठेव आणि घरी जा."

मला वाटलं, संपलं. साक्षीदार झाले. कुठलाही शहाणा माणूस इथे थांबेल. आणि मग मी, त्याला नीट पटावं म्हणून, सगळ्यांच्या कानांवर बोललो. म्हटलं, रॉडी, हे तुला जमणारं नाही. विसात एक. क्लबात कुणालाच जमणारं नाही, पण तुला तर नाहीच.

"ऐका मग सगळे," रॉडी म्हणाला.

त्याने रिसीव्हर हुकावर ठेवला नाही. फळीवर ठेवल्याचा आवाज आला, मग लाकडी जमिनीवरून लांब जाणारी पावलं. मेव्हिस माझं नाव घेत होती. ती एवढंच म्हणत होती. मीही रिसीव्हर तसाच ठेवला आणि बाहेर आलो.

आता खांबाला पाठ लावून उभा आहे, तोंड खिडकीकडे. मी खांबापेक्षा तिप्पट रुंद. खांबावर मारायचं तर त्याला माझ्यावर नेम धरावा लागेल, आणि ते तो करणार नाही. आम्ही चाळीस वर्षं एका थर्मासमधला चहा प्यालोय. माझ्या बाजूला किंवा डोक्यावर नेम धरण्याइतका खांब मोकळा आहे असं त्याला वाटू नये म्हणून ताठ उभा आहे. तेवढी जागा आहे असं त्याला वाटणं शक्य आहे. वही पोटाशी धरून लिहितोय, म्हणजे दुर्बिणीतून त्याला दिसेल की मला घाई नाही.

पंधरा मिनिटं झाली. घरातून फोनमधला मेव्हिसचा आवाज बारीक येतोय, शब्द कळत नाहीत.

नायरी म्हणते, पाय सरळ झाला. डोकं आलंय, खांदे अडकलेत. अजून पाच मिनिटं.

मी तिला सावकाश कर म्हटलं.

गवत डावीकडून वाकतंय. वारा ताशी आठ मैल असावा. घळीत कमी, कदाचित जास्त. इथून नक्की सांगता येत नाही.